दहा हातांचं भांडण

सिम्हा,

ईराचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत होते. "आई, सिम्हा मावशी गेली," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "आता कुठे गेली?" मला खरंच वाटलं, निघाली असशील एखाद्या कॉन्फरन्सला. तू सारखी कुठे ना कुठे जायचीस आणि मला ते उशिरा कळायचं.  पलीकडे ईराला रडू फुटलं, आणि रडत रडत ती जे सांगत गेली त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं. कॅन्सर. मागच्या हिवाळ्यात कळलेला. केमो घेतली, मग थांबवली. "मीच ड्राइव्ह करून न्यायचे गं तिला," ईरा म्हणाली. "तिनं मला प्रॉमिस करायला लावलं होतं. तुला सांगायचं नाही म्हणून."

तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही. तू असताना कधी चाललं नाही, आता काय चालणार? कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी असताना मला आधी दुःख झालं नाही. दुःख आलं, पण सावकाश, घरापाशी येऊन गाडी बंद केल्यावर. आधी आला तो हेवा. माझ्या पोटच्या पोरीचा. तुझं शेवटचं वर्ष तिला मिळालं आणि मला मिळाले रविवारचे फोन. आणि मग तुझाही हेवा, कारण ज्या आवाजात ती तुझं नाव घेऊन रडत होती, त्या आवाजात तिनं मला कधी हाक मारलेली नाही.

तू हसली असतीस. "वृंदे, मेलेल्या माणसावर जळणारी तू पहिलीच," असं काहीतरी म्हणाली असतीस.

पण आपल्या मैत्रीची सुरुवातच तिथून झाली ना? स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी मी नागपूरहून आले होते, तू ठाण्याहून. दोघी आर्किटेक्चरच्या, दोघींना कुणीतरी मराठी रूममेट हवी होती. तोवर मी आयुष्यात ज्यू माणूस पाहिला नव्हता. पाहिला तो अमेरिकेत येऊन, आणि तो ओट्यापाशी उभा राहून मला विचारत होता, "चहात आलं घालू का गं, की तुमच्याकडे नाही घालत?" आडनाव कोकणातल्या गावाचं, बोलणं असं की माझं मराठी मलाच गावठी वाटावं. मी "काहून" म्हटलं की तू तो शब्द दिवसभर जपून वापरायचीस, एखाद्यानं परदेशी नाणं खिशात खेळवावं तसा. बेने इस्रायल म्हणजे काय हे तूच मला सांगितलंस. जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेली माणसं, तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून शनिवार तेली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हिच्याकडे सांगायला केवढं काय आहे. माझ्याकडे काय, तर वडील सरकारी नोकरीत आणि धरमपेठेत फ्लॅट.

पहिल्याच सेमिस्टरला प्राचीन देवळांच्या रचनेवरचा एक सेमिनार होता. मी हेमाडपंती देवळं घेणार होते. तू इस्रायली लोकांचा निवासमंडप घेतलास, म्हणजे वाळवंटातून चालताना ते जे तंबूचं देऊळ खांद्यावर वाहून न्यायचे ते. प्रोफेसरांचा चेहरा एकदम मऊ झाला. "तुमच्यासाठी हे अगदी घरचं असणार," ते म्हणाले. तू म्हणालीस, "सर, आम्ही हिब्रू फक्त पाठ करायचो. अर्थ मराठीतून कळायचा." सगळा वर्ग हसला. आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन माझा विषय बदलला. मी जेरुसलेमचं दगडी मंदिर घेतलं, त्याच तंबूच्या आराखड्यावर पुढे राजानं बांधलेलं. तुला वाटलं मी तुला सोबत करतेय. तुझ्या ताटातलं मला कायमच जास्त चवीचं वाटत आलं, एवढंच त्यामागचं कारण.

पण एकदा आत शिरल्यावर मी तिथेच अडकले, हेही तितकंच खरं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आपण पार्किंग लॉटमध्ये तो तंबू उभा केला होता, आठवतं? टेप चिकटवून आधी जमिनीवर रेघा आखल्या. बाहेरचं अंगण, ज्यात कुणीही यावं. अंगणात होमवेदी आणि हातपाय धुण्याचं पितळी गंगाळ. मग तंबू, त्यात पहिली खोली, तिथे फक्त याजकांनी जायचं. सात दिव्यांचा दीपवृक्ष डावीकडे, भाकरींचं मेज उजवीकडे, समोर धूप. आणि त्यापलीकडे आतली खोली, परमपवित्र. तिथे एकाच माणसानं, महायाजकानं, वर्षातून एकदा. आपण आपल्या चादरी लावल्या, शेजारच्या चिनी मुलांच्या मागून आणल्या. बकरीच्या केसांच्या कापडाऐवजी तुझं करडं ब्लँकेट. लाकूड बाभळीचं असायचं, हे कळल्यावर मी हट्टच धरला की बाभूळ म्हणजे आमची, विदर्भातली. "तुझ्याकडच्या काट्यांवर सोनं मढवलं त्यांनी," तू म्हणालीस. पहिल्यांदा त्या विषयातलं काहीतरी माझं झालं, आणि तेसुद्धा तूच दिलंस.

दोन खोल्यांच्या मध्ये पडदा हवा होता. निळा, जांभळा, किरमिजी. माझी आईनं दिलेली जांभळी पैठणी मी काढली. तू ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आमच्या मराठी पुस्तकात याला काय म्हणतात माहितीये? अंतरपट." मला काटा आला अंगावर. लग्नातला तो एवढासा पांढरा पंचा, स्वस्तिक काढलेला, पलीकडे कोण आहे ते माहीत असूनही दिसू न देणारा. मी विचारलं, "मग हा कधी दूर होतो?" तू म्हणालीस, "आमच्यात नाही होत. मंगलाष्टकं चालूच राहतात."

पडद्यामागे मी डोकावले. तिथे आपण कोशाऐवजी, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या, दांड्यांवर वाहून न्यायच्या पेटीऐवजी, बुटांचं खोकं ठेवलं होतं, त्यावर पंख पसरलेले दोन करूब देवदूत म्हणून कागद कापून. पंखांच्या मध्ये काहीच नाही. मला ते सहन झालं नाही. "मूर्ती नाही, तर मग दर्शन कशाचं घ्यायचं?" "दर्शन नाहीच," तू म्हणालीस. "ती जागा मोकळी ठेवायची, एवढंच काम." तेवढ्यात वारा आला आणि सगळा निवासमंडप उडून डॉजच्या एका जुन्या गाडीवर जाऊन पडला. माझी पैठणी वायपरमध्ये अडकली. आपण इतक्या हसलो की चिनी मुलं खिडकीत आली.

भांडण सुरू झालं ते त्यानंतर, दगडी मंदिरावरून. माझ्या मंदिरावरून, असं मला म्हणायचंय. मंदिराची उंची तीस हात सांगितली आहे, आणि आतली खोली चौकोनी ठोकळा, वीस हात लांब, रुंद आणि उंच. मग वरचे दहा हात गेले कुठे? तू म्हणालीस, जमीन उंच केलेली असणार. पायऱ्या चढून जायचं. देवाकडे माणूस वर जातो. मी म्हणाले, छत खाली आणलेलं असणार. घराच्या आत एक पेटी. माणूस मोठ्या उंच दालनातून येतो आणि अचानक सगळं जवळ येतं, अंधारतं. तुला मी अंबरनाथच्या देवळाचं उदाहरण दिलं, तुझ्याच ठाण्याजवळचं. तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. तू म्हणालीस, "बघ, पायऱ्या आहेतच!" मी म्हटलं, "उतरायच्या आहेत, चढायच्या नाहीत." पुरावा कुणाकडेच नव्हता. त्या देवळाचा दगडसुद्धा शिल्लक नाही. तुझ्या-माझ्यासारख्या कितीतरी जणांनी हा वाद घातलाय आणि सोडून दिलाय. आपण सोडला नाही.

मग तू पीएचडीला ॲन आर्बरला गेलीस आणि तिथेच शिकवायला राहिलीस. माझं लग्न झालं, श्रीरंगला न्यू जर्सीत नोकरी लागली, मी सॉफ्टवेअरमध्ये शिरले. कुणी मला अडवलं नव्हतं. माझं मीच ठरवलं आणि ठीक चाललं. पण तुझं नाव कुठे छापून आलं, कुठल्या उत्खननाला तू गेलीस, इस्रायलमधल्या अरादच्या वाळवंटातल्या किल्ल्यात सापडलेल्या छोट्या देवळाच्या उंबरठ्यावर बसून काढलेला तुझा फोटो आला, की मी हातातलं काम टाकून तेच बघत बसायचे. फोटोत तू दोन धूपवेद्यांच्या मध्ये बसली होतीस, टोपी घालून, घामाघूम. मी तो फोटो ऑफिसात फोनवर मोठा करकरून पाहिला. तुझ्यामागे आतल्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्या दिसत होत्या. खाली तू लिहिलं होतंस, "पायऱ्या. चढायच्या. फक्त सांगते." आणि मला सोडून जगात कुणालाही त्याचा अर्थ कळला नसता. त्या दिवशी तुझ्यावर मी जळलेही आणि दिवसभर खुशीतही होते.

तुला माझं हे जळणं माहीत होतं. तू त्याला नाव ठेवलं नाहीस. एकदा म्हणालीस, "आमचा देव स्वतःच सांगतो, मी ईर्ष्यावान आहे. दुसऱ्या कुणाकडे बघितलेलं त्याला खपत नाही. तुझी आणि त्याची रास एक." मी चिडले. तर तू समजावलंस की त्या भाषेत हेवा आणि आच यांना एकच शब्द आहे, ज्याला एखाद्याची आच नाही त्याला हेवाही वाटत नाही. मी म्हटलं, "हे तू आत्ता बनवलंस." तू म्हणालीस, "शब्दकोश बघ." मी पाहिला नाही. खरं निघालं असतं तर मला तुझे आभार मानावे लागले असते.

आणि मग ईरा ॲन आर्बरला आली, बायॉलॉजी शिकायला. मीच तिला म्हटलं, मावशीकडे जेवायला जात जा, एकटी असते ती. पहिल्या वर्षी ती कधीतरी जायची. दुसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगला घरी आली तर मराठीत बोलत होती. माझ्याशी जन्मभर इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी मुलगी. "आई, चिकाचा हलवा तू कधीच का नाही केलास?" तिनं विचारलं. तुमच्या नव्या वर्षाचा हलवा, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळायचा. मी म्हटलं, आमच्यात नसतो. "मी करू शकते," ती म्हणाली. "हात दुखतो, पण मावशी म्हणते मध्ये थांबायचं नाही." श्रीरंग किती खूश झाला, पोरगी मराठी बोलतेय म्हणून. मी भांडी आवरत राहिले. बारा-तेरा वर्षं मी शनिवारी तिला मराठी शाळेत ढकलत होते, आणि तू तिला एका कढईपाशी उभं करून बोलतं केलंस.

गेल्या वर्षभरात ती फोनवर घाईत असायची. मला वाटलं, कुणीतरी मुलगा आहे. श्रीरंगला म्हटलंसुद्धा, विचार तिला. आणि तू दिवाळीला आली नाहीस, पाठीचं कारण सांगितलंस. व्हिडिओ कॉल तुला आधीपासूनच नको असायचा. मला संशय यायला हवा होता. नाही आला.

तुमच्यात दफन थांबत नाही. दुसऱ्या दिवशीच. माझी नुअर्कहून निघणारी फ्लाइट बर्फामुळे कॅन्सल झाली, आणि मी पोचले तेव्हा तू मातीत होतीस. तुझ्या अपार्टमेंटमध्ये सात दिवसांचं सुतक चालू होतं. आरशांवर चादरी टाकलेल्या. मी डबे घेऊन आत गेले तर समोर ईरा, बुटक्या स्टुलावर, अनवाणी, स्वेटरची कड रिवाजाप्रमाणे फाडलेली. तो मान रक्ताच्या नात्याचा, पण तुझ्या भावाला इस्रायलहून प्रवास झेपणार नव्हता आणि त्यानं फोनवर तिला सांगितलं होतं, "पोरी, माझ्या जागी तू बस." लोक येत होते, तिच्यापुढे वाकत होते, तिचा हात हातात घेत होते. तुझ्या डिपार्टमेंटमधली एक म्हातारी बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आपण?"

मी काय सांगणार होते? मी तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. मी त्या पार्किंग लॉटमधली. तिच्या दहा हातांपैकी अर्धे माझे. माझ्या तोंडून निघालं, "मी ईराची आई."

"ओह," त्या म्हणाल्या, आणि मायेनं माझा खांदा थोपटला. "किती छान वाढवलंय तुम्ही तिला."

सिम्हा, त्या क्षणी मला तू जिवंत हवी होतीस, ते केवळ तुला दोन शब्द सुनावायला.

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं मंदिर होतं. छप्पर नसलेलं, वरून आत बघता येईल असं. ईरानं सांगितलं, तुझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला तू करायला घेतलं होतंस, पण केमोनं तुझी बोटं बधिर झाली, मग तू खुर्चीतून सांगायचीस आणि ती कापायची. मी वाकून बघितलं. पुढे दोन खांब, माथ्यावर डाळिंबांच्या जागी मिरीचे दाणे चिकटवलेले. अंगणात बारा बैलांच्या पाठीवर पितळी समुद्र, म्हणजे पाण्याचं अवाढव्य भांडं. बैल कुठल्यातरी खेळण्यातले, सगळे सारखे नव्हते. दालनाच्या भिंतींवर खजुरीची झाडं आणि उमललेली फुलं कोरायची असतात, ती पेनानं काढलेली. आणि बाहेर उजेडात काढावीत तितक्याच बारकाईनं ती आतल्या खोलीतही काढलेली, जिथे दिवा नसतो, जिथे कुणी बघायला जाणार नाही. "मी मावशीला म्हटलं, तिथे कशाला, दिसत पण नाही," ईरा म्हणाली. "ती म्हणाली, ती बाग आहे. बागेत कुणी नसलं म्हणून फुलं यायची थांबतात का?"

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. इतक्या वर्षांत बागेचा हा विषय तू माझ्यापाशी काढला नाहीस. मी पुठ्ठ्याच्या त्या फुलांकडे बघत उभी राहिले, आणि मग मला ते दिसलं. आतल्या खोलीपुढे पायऱ्या. चढायच्या.

"हे चूक आहे," मी म्हणाले.

"आई."

"छत खाली यायला हवं. जमीन वर कशी जाईल? कोश उचलून नेणाऱ्यांनी त्या दांड्यांसकट पायऱ्या कशा चढायच्या?"

"आई, सीरियसली? आत्ता?"

पलीकडच्या खोलीतले लोक आमच्याकडे वळून बघायला लागले. आम्ही मराठीत बोलत होतो, त्यांना शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. ईरा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं. तिचे डोळे सुजलेले होते. मी तेवढंच विचारलं जे फोन आल्यापासून मनात घोळत होतं. "मला का नाही? मी का नको होते तिला?"

ती सिंकला टेकून उभी राहिली. "मी पण हेच विचारलं. खूपदा. मी तिला म्हटलं, आईला सांग, नाहीतर ती मला कधी माफ करणार नाही. ती म्हणाली, वृंदाला सांगितलं की ती भांडायचं थांबवेल. ती एकदम चांगलं वागायला लागेल माझ्याशी. म्हणाली, सगळे चांगलं वागतायत गं. एकीला तरी माहीत नसू दे."

मी ओट्यावरचे कप आवरायला घेतले.

"तुला माहितीये का," ती म्हणाली, "रविवारी तुझा फोन असायचा ना, त्या दिवशी ती सकाळपासून कुणाशी बोलायची नाही. दुपारी झोपून घ्यायची. पेनकिलरपण कमी घ्यायची, डोकं जड होतं म्हणून. मी तिला उठवून बसवायचे, पाठीशी उश्या लावायचे. मग तुमचं सुरू व्हायचं. ती ओरडायची पण, यार. मला वाटायचं ही बरी झाली. फोन ठेवला की संपायचं सगळं. सोमवारभर उठायची नाही."

शेवटच्या रविवारी तू माझ्याशी किती वेळ भांडलीस! मी म्हटलं होतं, जमीन उंच केली असती तर लिहिणाऱ्यानं पायऱ्यांचा उल्लेख केला असता, त्यानं कड्या-कोयंड्यांपर्यंत सगळं लिहिलंय. तू म्हणालीस, ज्या पायऱ्या फक्त एक माणूस चढतो त्या लिहायच्या कुणासाठी? मी म्हटलं, हा काय मुद्दा झाला का? तू म्हणालीस, "हाच मुद्दा आहे, तुझ्या डोक्यात शिरत नाही त्याला मी काय करू?" आणि मग, "चल ठेवते, डाळ करपेल." मी फोन ठेवून श्रीरंगला म्हटलं, दिवसेंदिवस हट्टी होत चाललीय.

डाळ कसली? गॅस पेटवायला तू उठू शकत नव्हतीस.

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि मला रडू आलं, अखेर, मोठ्यांदा, लाज वाटावी असं. ईरानं माझं डोकं जवळ घेतलं. आणि तिथेही, तशातही, मनात आलं की तुझं डोकं तिनं असंच धरलं असणार. जळण्यालाही काही रीत असते म्हणतात. माझ्या जळण्याला नाही.

तुझ्यावर रागावण्यासारखं अजून पुष्कळ आहे. माझ्या मुलीला तू एवढं जड गुपित का दिलंस? ती पोर वर्षभर माझ्याशी खोटं बोलली आणि आतल्या आत झिजली. हे तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. तू असतीस तर या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी महिनाभर बोलले नसते. आणि तुझे आभार मानायचे ते कसे मानू? मला तू तुझ्या आजारपणात येऊ दिलं नाहीस, पण आजारपणाच्या बाहेर तुझ्यात जे काही उरलं होतं, ते सगळं राखून राखून रविवारी मला दिलंस. ईराला मरणारी सिम्हा मिळाली. मला मिळाली ती भांडकुदळ, धडधाकट, स्टेट कॉलेजमधली. कुणाला जास्त मिळालं, हे मी ठरवायचा प्रयत्न करून पाहिला. ठरत नाही.

काल सुतक संपलं. तुमच्यात शेवटल्या दिवशी घराबाहेर एक फेरी मारतात म्हणे, दुःखातून उठून परत जगात यायचं म्हणून. ईरा म्हणाली, चल, आपण मावशीकडेच जाऊन येऊ. ड्राइव्ह तीच करत होती. स्मशानभूमी शहराच्या टोकाला, सगळीकडे बर्फ, आणि तुझी माती तेवढी काळी. दगड अजून लावलेला नाही, वर्षानं लावतात. बाजूला एक पत्र्याची पाटी, त्यावर तुझं नाव. तुमची डोकी कुणीकडे करतात ते मला ठाऊक नाही, पण मला तुझं ते बोलणं आठवलं. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करायचात, इथे आल्यावर पूर्वेकडे. जेरुसलेम आहे तिथेच आहे, तू म्हणायचीस, मीच पलीकडच्या बाजूला आलेय.

ईरानं मला विचारलं, "मी गाडीत बसू का थोडा वेळ? तुला एकटीला बोलायचं असेल तर."

मला हवं होतं ते. स्टेट कॉलेजपासून मला तू एकटीला हवी होतीस, प्रोफेसरांशिवाय, विद्यार्थ्यांशिवाय, फोटोंशिवाय. या वेळी मागायचीही गरज नव्हती, तीच देत होती. मी तिच्याकडे पाहिलं. नाक लाल झालेलं, तुझी विणलेली टोपी कानांवर ओढलेली.

"नको," मी म्हटलं. "तू पण थांब."

ती थांबली.  मग तिनं घसा साफ केला आणि तुझ्याशी बोलायला लागली, मराठीत, अगदी तुझ्या ठाण्याच्या सुरात. "मावशी, मी आईला सगळं सांगितलंय, तू रागावू नकोस. आणि ती आल्या आल्या मॉडेलवरून भांडली माझ्याशी, सगळ्यांसमोर. तू म्हणाली होतीस ना, ती अशीच आहे. खरंच अशीच आहे गं."

बरंच काही सांगत होती ती तुला, माझ्याबद्दल. काही खरं होतं, काही मला मुळीच पटलं नाही. पण मी मध्ये बोलले नाही.